तांब्याच्या तारेची रायफल

५ जानेवारी

नोएलीनने नाताळात ही डायरी दिली. म्हणाली, "तुझ्याकडे सांगायला इतकं असतं, मर्डोक, आणि ऐकणारे सगळे कंटाळलेत. आता हिला सांग." यातलं पहिलं अर्धं वाक्य मी कौतुक म्हणून ठेवून घेतलं आहे.

आज लिहायला कारण घडलं. डनेडिनच्या एका लिलाववाल्याच्या ऑनलाइन पानावर एक रायफल आली आहे. जुनी, तीनशेतीन बोअरची. डोंगरात हरणं माजली होती तेव्हा सरकार पगारी शिकारी पाठवायचं, त्यांच्यापैकी कुणाची तरी. दस्ता हाताने धरायच्या जागी तडकलेला, आणि त्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळून दुरुस्त केलेला. तारेचं टोक वेणीसारखं विणून आत खोचलं आहे. दस्त्याच्या पोटाला चाकूने कोरलेलं एक वेडंवाकडं फूल. मालकाचं नाव दिलेलं नाही, "साउथलंडमधल्या एका कुटुंबाकडून" एवढंच.

याला म्हणतात इतिहास. एक एकटा, दाढीवाला माणूस. बाहेर पाऊस. शेकोटीशी बसून सोललेल्या बोटांनी तो ती तार गुंडाळतो आहे. मला तर सगळं डोळ्यांसमोर दिसतं. फुलाचा अर्थ मात्र लागत नाही. असेल कोणी प्रेयसी.

आमच्या शिकार मंडळाचं वार्षिक जेवण मार्चअखेर असतं, हरणांचे नर डोंगरात गर्जायला लागायच्या जरा आधी. त्यात प्रत्येकाने आपली एक वस्तू टेबलावर ठेवायची आणि उभं राहून तिची गोष्ट सांगायची. गेल्या वर्षी अध्यक्ष क्लाइव्हने कसलीशी जर्मन दुर्बीण आणली तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी आमच्या बैठकीच्या भिंतीवरच्या बारा शिंगांच्या नराची गोष्ट सांगितली तर मागून कोणीतरी "परत?" म्हणालं.

तो नर १९८४ साली बोरलँडच्या खोऱ्यात पडला. मी तिथे होतो. नोएलीनही होती, थर्मास धरायला. अशी गोष्ट जुनी होत नसते, ऐकणारे जुने होतात. पण ठीक आहे. यंदा मंडळाला तांब्याची तार दाखवतो.

८ जानेवारी

वॉटी कोबी घेऊन आला. हा आमचा शेजारी. उभं आयुष्य मेंढ्यांची लोकर कातरली, आणि त्याआधी कोवळ्या वयात माझ्या सासऱ्याच्या, म्हाताऱ्या अँगसच्या, मागे मागे डोंगरात हरणं मारली. त्याला रायफलीचा फोटो दाखवला. त्याने चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"नोएलीनला दाखवलंस?"

"तिला काय कळतंय बंदुकीतलं?"

वॉटीने माझ्याकडे पाहिलं. ही नजर तो सहसा लंगड्या मेंढीसाठी राखून ठेवतो.

"अँगसची मुलगी आहे ती, गड्या."

"मग? दंतवैद्याची मुलगी काय दात उपटते?"

"दाखव तिला. आजच दाखव." एवढं बोलून चहा अर्धा टाकून गेला. वय झालं की माणसं चहा अर्धा टाकतात.

दाखवणार तर मुळीच नाही. गेल्या साली मी बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र न विचारता आणलं, तेव्हापासून घरात ठराव झाला आहे की मोठी खरेदी दोघांनी मिळून. ठराव मी मोडत नाही. फक्त अजून मांडत नाही.

१४ जानेवारी

जिंकलो!

नीट लिहितो. लिलाव संध्याकाळी मिटणार होता. मी शेडमध्ये संगणकाशी बसलो, नोएलीन स्वयंपाकघरात रासबेरीचा जॅम करत होती. तिने टॅबलेट समोर उभा केला होता. पाककृती बघायला, म्हणाली. हा जॅम ती लग्नापासून करते आहे, पण असो, बायकांनाही नवं शिकावंसं वाटत असेल.

सुरुवातीला चारपाच जण होते. मग सगळे गळाले आणि उरलो मी आणि "बोलीदार सतरा". मी वाढवलं की सतराने वाढवलंच. हा क्लाइव्हच, दुसरं कोणी असूच शकत नाही. आपण मध्ये आलो म्हणजे त्याला चेव येतो. एकदा फाटकाशी आमची कुत्री भुंकली, नोएलीन बाहेर जाऊन बघून आली, आणि नेमका तेवढा वेळ सतराही गप्प राहिला. मला दम खायला सवड मिळाली. ती आत गेली आणि सतरा पुन्हा सुरू.

चार हजार शंभर डॉलरपर्यंत सतरा चढला. मी चार हजार एकशे पन्नास टाकले. घड्याळ संपलं. सतरा मेला. मी इतक्या जोरात ओरडलो की कुत्री टेबलाखाली गेली.

आत येऊन म्हणालो, "क्रिकेट. आपली विकेट पडली... म्हणजे त्यांची." नोएलीन चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून उभी होती. जॅम जळून काळा झाला होता आणि ती रडत होती. जॅमसाठी! मी समजूत घातली, "अगं, जॅमच तो. दुकानात मिळतो."

"मिळतो," ती म्हणाली. "सगळंच दुकानात मिळतं." आणि न जेवता खोलीत गेली. मी थंड मटण आणि नवे बटाटे खाल्ले. फार चवदार लागले.

१६ जानेवारी

लिलाववाल्यांचं पत्र. अभिनंदन, बंदुकीच्या परवान्याचा क्रमांक कळवा. पाकिटातून परवाना काढला तर त्याची मुदत केव्हाच संपलेली!

हे शक्यच नाही. मागे नूतनीकरणासाठी एक बाई स्वतः घरी येऊन मला तासभर प्रश्न विचारून गेली होती. मला लख्ख आठवतं, कारण इतकं चांगलं ऐकून घेणारं माणूस मला त्यानंतर भेटलेलं नाही. कचेरीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "तुमचा अर्जच कधी आलेला नाही." आता नव्याने अर्ज, आणि शिवाय चौकशीला अधिकारी घरी येणार, माझ्याशी बोलणार आणि मग बायकोशी एकटीशी बोलणार.

म्हणजे माझ्या हाती बंदूक द्यावी की नाही हे नोएलीन सांगणार. मी चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केली. बैल विकताना गाईची साक्ष काढलेली मी तरी पाहिली नाही.

लिलाववाले मार्चच्या मध्यापर्यंत थांबतील. त्यानंतर रायफल पुन्हा लिलावात, म्हणजे थेट क्लाइव्हच्या घशात.

२० जानेवारी

मोहीम सुरू. रात्रीची भांडी मी घासली. नोएलीन दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय मोडलंस?"

२६ जानेवारी

भांडी रोज घासतो. काल तिच्या पायांना गरम पाण्याची बादली आणून दिली, तर म्हणाली, "डॉक्टरांनी तुला काही सांगितलंय का, मर्डोक? मला सांग, मी घाबरणार नाही." बाजाराला न्यायच्या आधी जनावराला महिनाभर चांगलं चारतात, पण त्याला कारण विचारायची सवय नसते.

तिचं मात्र काहीतरी बिनसलं आहे. आज तिने अँगसचा फोटो कपाटावरून काढून पुसला. बराच वेळ पुसत होती. इतकी धूळ नव्हती. मग भावाला, रॉसला, फोन. ती सहसा आवाज चढवत नाही. आज शेडपर्यंत ऐकू आलं: "विचारायचंस तरी, रॉस! एकदा तरी विचारायचंस!" रॉसने न विचारता काहीतरी विकलेलं दिसतं. त्या घराण्यात व्यवहारज्ञान कमीच. मी दोन शब्द सांगितले असते, पण मोहीम चालू असताना आपण बोलू नये.

११ फेब्रुवारी

आज चौकशी झाली. जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही कळेल.

अधिकारी रेविनबाई. बघताक्षणी ओळखलं, मागच्या वेळी आलेली ती हीच. मी विजयाने म्हणालो, "बघा! तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या नूतनीकरणाला आला होतात की नाही?"

"आले होते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या नाही. तुमच्या पत्नीच्या. तुमची साक्ष घ्यायला."

"कुणाच्या?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, घरात बंदूक असताना नोएलीनबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते का. तुम्ही मला बोरलँडचा नर सांगितलात. मी दुसऱ्यांदा विचारलं, तर तुम्ही तोच नर वाऱ्याच्या दिशेसकट सांगितलात. शेवटी मी लिहिलं, 'पतीची काही तक्रार नाही.'"

नोएलीनकडे परवाना आहे. सोळाव्या वर्षापासून आहे. तिने एकदाही संपू दिला नाही.

"मला बोलली नाहीस कधी!" मी म्हणालो.

"दर गुरुवारी वॉटीबरोबर सशांच्या शिकारीला जाते," ती दारातून म्हणाली. "त्याच्या रायफलीवर."

"गुरुवारी तू विणकामाला जातेस."

"विणकामाला पहाटे साडेपाचला कोण जातं रे? आणि येताना ससे कोण आणतं?"

मला वाटायचं, विणकामाच्या मंडळात कोणीतरी ससे वाटतं. खरंच वाटायचं.

मग मला कुत्रीला घेऊन बाहेर जायला सांगितलं. ऊन होतं म्हणून मी धुण्याच्या खोलीच्या खिडकीखाली सावलीला थांबलो. तिथे आतलं ऐकू येतं हा माझा दोष नाही.

रेविनबाई विचारत होत्या, "नवऱ्याकडे बंदूक असताना तुम्हाला घरात सुरक्षित वाटतं?"

"अगदी," नोएलीन म्हणाली. "चाळीस वर्षांत त्याला एक हरीण लागलं नाही, मी कुठे लागणार?"

दोघी हसल्या. नोएलीन जॅम जळाल्यापासून हसली नव्हती. आज हसली, माझ्यावर का होईना. बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

"मग भिंतीवरचा तो नर?"

"तो ना..." पुढचं ऐकू आलं नाही. कुत्री त्याच क्षणी खाजवायला लागली, आणि मी तिला थांबवलं नाही.

शेवटी निकाल. रेविनबाईंना माझ्यात धोका काही आढळला नाही. हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं तो सूर मला आवडला नाही. पण परवाना संपलेला, त्यामुळे सुरक्षिततेचा वर्ग, परीक्षा, मग नवीन परवाना, तोवर हिवाळा उजाडेल. "आणि तोवर बंदुकांच्या कपाटाची किल्ली नोएलीनकडे." ही किल्ली मी गळ्यात घालतो, आंघोळीलाही काढत नाही. काढून दिली. नोएलीनने ती गळ्यात अडकवली आणि चीज रोल भाजायला गेली. किल्लीकडे एकदा खाली पाहिलंही नाही.

निघताना मी रेविनबाईंना हळूच विचारलं, "समजा एखाद्या माणसाने लिलावात काही घेतलं असेल, आणि त्याच्याकडे परवाना नसेल..."

"त्या माणसाची बायको परवानाधारक आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग तिच्या नावावर आणा. अर्थात, तिला सांगावं लागेल." आणि चीज रोल रुमालात बांधून घेऊन गेल्या.

१५ फेब्रुवारी

वॉटीकडे गेलो. म्हटलं, तुझ्या नावावर आण, कोणाला कळणार नाही.

"नोएलीनच्या नावावर आण."

"तिला सांगितलं तर ती परत करायला लावेल."

"नाही लावणार."

"तुला कसं माहीत?"

"मर्डोक, तुझ्यासारखा आंधळा मी मेंढ्यांतही पाहिला नाही. जा घरी."

शेजारी म्हणून काही मदत मागावी तर ही भाषा. म्हणून तर मी मेंढ्यांत कधी जीव गुंतवला नाही.

१ मार्च

सांगितलं. आजच लिहितो. उद्या मी हे वेगळं लिहीन, मला माझी सवय ठाऊक आहे.

ती ओट्याशी बटाटे सोलत होती. मी म्हणालो, "नोएलीन, मी एक वस्तू घेतली आहे."

"कळलंच. दीड महिना भांडी घासतोयस. होडी आहे का?"

"रायफल."

सुरी थांबली. मी फोटो पुढे केला. तिने हात पुसले, मग नीट पुसले, आणि खुर्ची न बघता खाली बसली. खुर्ची तिथे होती हे नशीब.

"ही तू घेतलीस?"

"हो."

"चार हजार एकशे पन्नासला."

"तुला आकडा कसा..."

"चार हजार शंभर माझे होते."

मी म्हणालो, "सतरा?"

"सतरा."

"म्हणजे जॅम..."

"जॅम मी तुझ्यामुळे जाळला, मर्डोक. शेडमध्ये बसून तू माझ्यावर बोली लावत होतास, आणि वर मला सांगत होतास की विकेट पडली."

मग तिने सांगितलं. सलग, माझ्याकडे न बघता. रायफल अँगसची. ती अकरा वर्षांची असताना तो घोड्यावरून पडला आणि दस्ता तडकला. नव्या दस्त्याला पैसे नव्हते. तार तिने गुंडाळली, मोडक्या रेडिओतली. टोकाला वेणी घातली कारण तिला तेवढंच विणता येत होतं. फूलही तिचंच. अँगस खवळेल म्हणून ती दिवसभर मेंढ्यांच्या गोठ्यात लपून बसली होती. तो आला, फुलावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आता ही कोणी चोरली तरी ओळखू येईल."

माझा दाढीवाला माणूस, शेकोटी, प्रेयसी, सगळं बसल्या जागी संपलं.

"मग ती रॉसकडे गेली कशी?" हे मी प्रामाणिकपणे विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं.

आता मात्र तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा गेले तेव्हा रॉस ती आधी आपल्या दारात घेऊन आला होता. तू ओसरीत उभा होतास. म्हणालास, 'हे भंगार कुंपणाला टेकू म्हणून लाव.' मी आत चहा ओतत होते."

असं मी म्हटल्याचं आठवत नाही. म्हटलं असेल तर कुंपणाबद्दल म्हटलं असेल. त्या वर्षी कुंपण खरोखर कललं होतं.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलायचं? बैठकीच्या भिंतीवर माझं म्हणून जे एक होतं तेही तू आपलं करून टाकलं होतंस. म्हटलं, रायफल तरी रॉसकडे रायफल म्हणून राहील. तर त्याने ती विकली. आणि घेतली कोणी, तर तू." ती हसायला लागली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळशाचं भाडं चार हजार एकशे पन्नास!" हसता हसता रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण घेतलाही नाही.

जरा वेळाने मी विचारलं, "मग नावावर कोणाच्या आणायची?"

"माझ्या."

"आणि मंडळाच्या जेवणाला नेता येईल?"

"मी नेईन," ती म्हणाली.

६ मार्च

रायफल आली. मी खोकं फोडायला सुरी आणली, तर नोएलीनने सुरी हातातून घेतली. रायफल बाहेर काढताना तिचा अंगठा न शोधता फुलावर गेला. गोळी भरायचा बोल्ट अडकत होता. मी म्हणालो, गंजलाय, तेल घालू. तिने तो जरासा वर उचलून मागे ओढला आणि तो सरकला. "याला आधी वर उचलावं लागतं," ती म्हणाली. मग कपाटात ठेवली आणि किल्ली ब्लाउजच्या आत टाकली. मला धरायलाही मिळाली नाही. पैसे माझे.

२१ मार्च

सुरक्षिततेचा वर्ग. सगळे माझ्या नातवंडांच्या वयाचे. खटक्यावर बोट केव्हा ठेवायचं, या प्रश्नाचं उत्तर मी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने दिलं. चुकलं.

२८ मार्च

मंडळाचं जेवण. माझं भाषण कोटाच्या खिशात होतं. त्यात दाढीवाला माणूस अजून होता. काढायला मन झालं नाही, इतका छान जमला होता.

क्लाइव्हने यंदा एक हाडाच्या मुठीचा सुरा आणला होता आणि बराच वेळ बोलला. मग नोएलीन उठली. रायफल टेबलावर ठेवली. म्हणाली, "ही माझ्या बाबांची. तार मी गुंडाळली आहे. फूलही माझंच आहे." आणि बसली. बस्स, एवढंच. तार बघायला लोक खुर्च्या सोडून आले. वॉटी दस्त्यावर हात ठेवून उभा राहिला.

तेवढ्यात क्लाइव्ह. त्याला गप्प बसवत नाही. "म्हणजे मर्डोकचा तो सुप्रसिद्ध नर या रायफलीनेच पाडला की काय?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. वॉटीने छताकडे पाहिलं. माझ्या तोंडात पाव्हलोव्हा केकचा घास होता, तो विरघळेना.

"हिनेच," नोएलीन म्हणाली.

पुढे काही नाही. कोणी पाडला ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो, एकट्याने बसून राहिलं तर फारच दिसून आलं असतं.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"गोष्ट तुझी आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं तूच सांगतोयस. संपवायची तेव्हा तूच संपव." आणि गाडीची काच वर केली.

११ एप्रिल

पहाटे वॉटी आला. दोघं गेले, ती रायफल घेऊन. मला थर्मास भरून द्यायला सांगितलं होतं, तो दिला.

डोंगरात नर गर्जत होते, घरापर्यंत ऐकू येत होतं. मी चीज रोल केले. पावावर मिश्रण थापलं, गुंडाळलं, भाजलं, दोन ताटं झाली. दुपार कलली तरी कोणी आलं नाही. बंदुकीचा आवाज आला, एकच, लांबून. मग काहीच नाही. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. कुत्रीला म्हटलं, येईल गं. मला एकटं वाटलं आणि भीती वाटली. हे कोणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो.

अंधार पडायच्या आत आले. बाह्यांवर रक्त, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि वॉटीच्या गाडीत दहा शिंगांचा नर. वॉटी म्हणाला, "एक गोळी. अँगस दोन घ्यायचा."

नोएलीनने टोपी काढली. केस चिकटलेले, गाल लाल, डोळे असे की मला बघवेना. हा चेहरा मी याआधी एकदाच पाहिला आहे. चौऱ्याऐंशी साली, बोरलँडच्या खोऱ्यात, माझ्यापासून हातभर अंतरावर, याच रायफलीच्या मागे. रायफलीकडे तेव्हा मी नीट पाहिलंच नव्हतं. थर्मास माझ्या हातात होता.

तिने उभ्या उभ्या चार चीज रोल खाल्ले. म्हणाली, "चांगले झालेत." मी तेव्हापासून घरात उगीच इकडून तिकडे फिरतो आहे.

२ मे

नराची कवटी मी अंगणात मोठ्या हंड्यात उकळली आणि शिंगं घासून साफ केली. आज बैठकीत टांगली. जागा नोएलीनने दाखवली, खिळा मी ठोकला. खिळा दुसऱ्या फटक्यात वाकला, दुसरा आणला.

संध्याकाळी नेव्हिल आला, बाजारातला माझा जुना सोबती. भिंतीकडे तोंड करून ऐसपैस बसला. त्याला सवय आहे, आमच्याकडे आलं की आधी बोरलँड ऐकावं लागतं. बघतो तर आज तिथे दोन.

"अरे वा! जोडी झाली," तो म्हणाला. "यातला तुझा कोणता रे, मर्डोक?"

नोएलीन चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिथेच थांबली. मी तोंड उघडलं. बोरलँड जिभेवर तयारच होता, वाऱ्याच्या दिशेसकट. नेव्हिल वाट बघत होता. ती वाट बघत नव्हती, इतक्या वर्षांत तिने वाट बघणं सोडूनच दिलं होतं. फक्त ट्रे धरून उभी होती.

"भिंत," मी म्हणालो. "भिंत माझी आहे. ते दोन्ही तिचे."

नोएलीन आत आली. पाहुण्याच्या आधी तिने चहा मला दिला.